वाफसा मोजायचा कसा

रात्री सव्वाबाराला लाईट येते. एका रोहित्रावरच्या तीस-चाळीस मोटरी एकाच क्षणी गुरगुरतात, डीपीतला फ्यूज उडतो, कधी रोहित्रच जळतं आणि पुढचे चार-आठ दिवस कुणाच्याच पिकाला पाणी मिळत नाही. दोष जातो तो स्टार्टरच्या पेटीत बसवलेल्या हातभर वायरच्या एका साध्या वस्तूकडे. तिला ऑटोस्विच म्हणतात. गावात नुसतं ‘ऑटो’. वीज आली की मोटर आपोआप सुरू. ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा, अशी विनवणी महावितरण वर्षानुवर्षं करतं आहे. शेतकरी मान डोलावतो आणि ऑटो तिथेच राहतो. बिबट्याच्या भीतीत, अपरात्री विहिरीवर जायचं कुणी? महाराष्ट्रात सिंचनाचं सर्वांत जास्त पसरलेलं ऑटोमेशन बहुधा हेच असेल. जमीन कोरडी आहे की चिखल झाला आहे, याची त्याला खबर नसते. तारेत वीज आहे एवढंच त्याला कळतं.

सेन्सरवर चालणारं सिंचन याच्या बरोबर उलटं वचन देतं. माती बोलेल, मोटर ऐकेल. कृषी प्रदर्शनांमध्ये दोन-चार वर्षांपासून या उपकरणांचे स्टॉल दाटीवाटीने लागतात: जमिनीत खोचायच्या काठ्या, खांबावरची हवामान केंद्रं, मोबाईलवरून उघडझाप होणारे व्हॉल्व्ह. यातलं काय चालतं, काय चालत नाही आणि कुणाकडे चालतं, हे जरा नीट पाहायला हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. उपकरणं बऱ्यापैकी खरी आहेत. पण ती ‘पाणी कधी द्यायचं’ या प्रश्नाचं उत्तर देतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक शेतकऱ्यांच्या हातात तो ‘कधी’च नसतो.

यंत्राला जे मोजायचं आहे त्याला मराठीत फार जुना शब्द आहे, वाफसा. पाणी दिल्यावर किंवा पाऊस पडून गेल्यावर जादा पाणी खाली उतरतं, मातीच्या मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते, बारीक पोकळ्यांत पाणी टिकतं; मुळांना दोन्ही मिळतात आणि पाभर-कोळपं चालतं. शास्त्राच्या पुस्तकात या अवस्थेच्या जवळ जाणारी संज्ञा आहे, पण तिच्यात हिशेब फक्त पाण्याचा. वाफसा म्हणताना हवाही मोजलेली असते. मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळायचा, तो कंबरेच्या उंचीवरून टाकायचा, फुटतो कसा ते बघायचं, ही चाचणी आजही चुकीची नाही. तिची अडचण एवढीच की ती वरच्या वीतभराची गोष्ट सांगते. द्राक्षाची, डाळिंबाची कामाची मुळं त्याच्या खाली असतात.

खालची गोष्ट सांगणारं सगळ्यात प्रामाणिक साधन म्हणजे टेन्शिओमीटर. पाण्याने भरलेली एक नळी, तिच्या टोकाला सच्छिद्र चिनीमातीची वाटी आणि वर निर्वात मोजणारी तबकडी. माती कोरडी पडू लागली की ती वाटीतून पाणी खेचते आणि सुई पुढे सरकते. मुळाला पाणी ओढायला जेवढा जोर लागतो, जवळजवळ तेवढाच इथे मोजला जातो. वीज नको, सिमकार्ड नको. दहा सेंटीबारच्या आत सुई असेल तर जमीन गच्च आहे, आणि सत्तरच्या पुढे गेली की हलक्या जमिनीतलं पीक केव्हाच तहानलेलं असतं. मर्यादाही तिथेच आहे. ऐंशी-पंच्याऐंशी सेंटीबारच्या पुढे नळीत हवा शिरते आणि खेच तुटते. मग सुई परत शून्यावर येऊन बसते. निफाडकडच्या एका बागेत मी हे पाहिलं आहे. मालक कौतुकाने म्हणाले, “बघा दादा, दीड महिना झाला, काटा हलला नाही. ओल कायम आहे.” टोपण उघडलं तर नळीत थेंब नव्हता. मेलेलं टेन्शिओमीटर कायम ‘भरपूर ओल आहे’ असंच सांगतं. दर आठवड्याला पाणी भरून, बुडबुडे काढून त्याची देखभाल करावी लागते, आणि विकणाऱ्याने हे एका शब्दाने सांगितलेलं नव्हतं.

या कटकटीतून सुटायला 1940 साली अमेरिकेत बुयुकॉस आणि मिक यांनी जिप्समचे ठोकळे वापरले. ठोकळा मातीबरोबर ओला-कोरडा होतो आणि त्यातून जाणाऱ्या विजेला होणारा विरोध बदलतो. आज मिळणारे दाणेदार गाभ्याचे स्वस्त सेन्सर त्याच घराण्यातले. ते दोनशे सेंटीबारपर्यंत वाचतात आणि काळ्या जमिनीसाठी त्यामुळे अधिक सोयीचे. तिसरी जात कॅपॅसिटन्स सेन्सरची. पाण्याचा विद्युत-स्थिरांक ऐंशीच्या आसपास, कोरड्या मातीच्या कणांचा तीन ते पाच, हवेचा एक. हा फरक इतका मोठा आहे की मिश्रणात पाणी किती टक्के आहे ते त्यावरून ओळखता येतं. 1980 साली कॅनडाच्या टॉप आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर एक समीकरण मांडलं आणि जगभरच्या मातींसाठी ते सर्रास वापरलं जाऊ लागलं.

आपली काळी माती मात्र या ‘जगभरच्या मातींत’ नीट बसत नाही. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आता या मातीत एक काठी खोचलेली आहे अशी कल्पना करा. माती आकसली की काठी आणि माती यांच्यामध्ये नखभर फट पडते. काठीला मातीऐवजी हवा लागते आणि आकडा धाडकन खाली येतो, प्रत्यक्षात बोटभर पलीकडे ओल असते. उलटही होतं. पाणी सोडलं की ते फटीतून सरळ खाली धावतं, सेन्सरला भिजवतं आणि मोबाईलवर निरोप येतो की दोन फुटांपर्यंत जमीन भिजली. मुळांच्या आजूबाजूची ढेकळं मात्र कोरडीच. त्यात क्षार असले, आणि अति पाण्याने चोपण झालेल्या उसाच्या पट्ट्यात ते असतातच, की स्वस्त सेन्सर खाऱ्या ओलीला जास्त ओल समजतो. त्यामुळे काळ्या जमिनीत आकड्यावर विश्वास ठेवू नये, आकड्याच्या चालीवर ठेवावा. काल आणि आज यांत किती उतरला, रात्री थांबला का, पाणी दिल्यावर किती वेळाने चढला, हे बघावं. अनुभवी सल्लागार आलेखच वाचतात. आकडा विचारणारा माणूस अजून नवा आहे असं ते मनात समजतात.

जागाही तितकीच महत्त्वाची. ठिबकखाली ओलीचा कांदा तयार होतो. ड्रिपरच्या नाकाखाली सेन्सर ठेवला तर जमीन नेहमी ओली दिसेल, हातभर लांब ठेवला तर नेहमी कोरडी. साधारण वीतभर बाजूला, आणि एकाखाली एक असे दोन ठेवायचे: वरचा पाणी कधी सुरू करायचं ते सांगतो, खालचा कधी थांबायचं ते. माझ्या मते खालचाच मोलाचा. तो वारंवार ओला दाखवत असेल तर पाण्याबरोबर दिलेलं युरियातलं नत्रही मुळांच्या खाली चाललं आहे.

मातीला न विचारता आकाशाला विचारायचा मार्ग आहे, आणि तो बराच स्वस्त पडतो. पेनमन यांनी 1948 साली ऊन, वारा, तापमान आणि आर्द्रता यांवरून बाष्पीभवनाचं सूत्र बांधलं, माँटीथ यांनी 1965 मध्ये त्यात पानांच्या रंध्रांचा विचार घातला, आणि 1998 साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने त्याची एक ठरलेली रीत छापली. तीच आज बहुतेक ॲपच्या पोटात असते. हिशेब हाताने करता येतो. एक मिलिमीटर पाणी एका एकरावर पसरलं तर ते होतं साधारण 4,047 लिटर. समजा आज बाष्पीभवन पाच मिलिमीटर आहे आणि पिकाच्या अवस्थेचा गुणांक 0.8, म्हणजे गरज चार मिलिमीटरची, एकरी सुमारे 16,000 लिटर. द्राक्षाची लागवड नऊ बाय पाच फुटांवर असेल तर एकरात 968 वेली, म्हणजे वेलीला साडेसोळा लिटर. वेलीमागे चार लिटरचे दोन ड्रिपर असतील तर दोन तास पाच मिनिटं मोटर पुरे. माझ्या ओळखीतले बागायतदार अशाच दिवसांत चार-चार तास चालवतात.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हा हिशेब करून देणारी ‘फुले जल’ आणि ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ ही ॲप काढली आहेत. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रंही उभी राहिली. ज्याच्याकडे फारसा पैसा नाही त्याने इथूनच सुरुवात करावी. मंडळाच्या केंद्रावरचा पाऊस तुमच्या शेतावर पडलेला असेलच असं नाही, म्हणून बांधावर साधा पर्जन्यमापक ठोकावा. बाकी ऊन आणि वारा पाच-सात किलोमीटरमध्ये फार बदलत नाहीत.

झाडालाच विचारायच्या पद्धतींबद्दल थोडक्यात. तहानलेलं पान रंध्रं मिटतं आणि तापतं. ॲरिझोनात 1981 च्या सुमारास इड्सो आणि जॅक्सन यांनी पानाच्या तापमानावरून ताणाचा निर्देशांक बसवला. खोडाचं दिवसातलं केसभर आकुंचन-प्रसरण मोजणारी यंत्रंही आहेत. प्रयोगशाळेत सुंदर, बांधावर नाजूक. उपग्रहाचंही तसंच. युरोपचा सेंटिनेल-2 दर पाच दिवसांनी दहा मीटरच्या ठिपक्यात शेत दाखवतो, हिरवेपणासाठी ते छान. पण पाण्याचा हिशेब लागतो उष्णतेच्या चित्रातून, आणि लँडसॅटचा उष्णतेचा मूळ ठिपका शंभर मीटरचा, म्हणजे एक हेक्टरचा. 2015-16 च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीन 1.34 हेक्टर होती, तीही बहुतेकदा दोन-तीन तुकड्यांत. एका ठिपक्यात तुमचा ऊस, भावकीचा कांदा आणि मधला ओढा, सगळंच मावतं. शिवाय खरिपात ढग.

ज्या देशात हे सगळं सुरळीत चालतं तिथे काय वेगळं आहे? न्यूझीलंडच्या कँटरबरी मैदानातली गवताळ रानं बघा. दुभत्या गाईंसाठी रायगवत आणि क्लोव्हर, मुळं उथळ, खाली गोट्यांची जमीन. वर अमेरिकेत फ्रँक झायबाक यांनी 1952 साली पेटंट घेतलेल्या गोल फिरणाऱ्या तुषार यंत्राचे शेकडो मीटर लांब हात. यंत्र फिरता फिरता हलक्या जागी जास्त आणि खोल मातीत कमी पाणी टाकतं, रस्त्यावर आणि डबक्यावर बंद होतं. पण तिथल्या शेतकऱ्याने सेन्सर हौसेने घेतलेले नाहीत. 2010 च्या नियमांनी सेकंदाला पाच लिटर किंवा त्याहून जास्त पाणी उचलणाऱ्याला मीटर बसवावं लागलं. भूजलात नायट्रेट उतरतं म्हणून 2021 पासून कुरणावर कृत्रिम नत्राची मर्यादा वर्षाला हेक्टरी 190 किलो झाली. जादा पाणी दिलं की नत्र धुपतं, आणि वाया गेलेल्या नत्राची भरपाई जादा खत टाकून करता येत नाही. हाताशी चोवीस तास वीज आहे. तिथे सेन्सर रोजच्या कामाचा. आपल्याकडे संगमनेर-राहुरी भागात लसूणघासाला आणि नेपियरला वाफे भरून पाणी दिलं जातं. चाऱ्याला सेन्सर लावायचा विचार अजून कुणाच्या डोक्यात नाही, आणि दुधाच्या भावाकडे पाहता त्यात शेतकऱ्यांचं काही चुकतही नाही.

आता पुन्हा आपल्या विहिरीवर. शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, ठरलेले तास. त्या तासांत फॉल्ट झाला तर पाळी गेली. अशा माणसाला फोनने सांगितलं की ‘आज पाणी नको, परवा द्या’, तर तो विचारणार, परवा लाईट असेल याची हमी कोण देतो? तो आज भरून ठेवतो. बाहेरच्याला तो अडाणीपणा वाटतो. मला तो विमा वाटतो, आणि हप्ता तो पाण्यात भरतो. कालव्यावरच्या शेतकऱ्याचं तेच. शेजपाळीने पाणी दोन-तीन आठवड्यांनी येतं. मध्ये सेन्सर कितीही ओरडला तरी पाटाला पाणी नाही, आणि पाणी आलं की वाफसा असो नसो, दारं धरायला उभं राहावंच लागतं.

म्हणून आपल्याकडे खरोखर रुजलेली साधनं वेगळी आहेत. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ घ्या. मोटरच्या स्टार्टरला मोबाईल जोडायचा, घरून फोन करायचा. लाईट आहे का कळतं, मोटर चालू-बंद करता येते. 2009 मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत ते गाजलं. यात मातीचा सेन्सर नव्हता. रात्रीची पायपीट वाचवायची होती, ती वाचली. आज ‘मोबाईल स्टार्टर’ तालुक्याच्या कुठल्याही मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळतो. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळू लागली आहे, तिथे चित्र बदलेल. दुसरा बदल प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याने केला. कालव्याची किंवा पावसाची पाळी एकदा तळ्यात साठली की ‘कधी’ हा प्रश्न शेतकऱ्याच्या हातात येतो. सेन्सरचं ग्राहक-क्षेत्र बघायचं असेल तर शेततळी मोजावीत.

पाणी वाचतं का, या प्रश्नावर मात्र विक्रेते आणि सरकार दोघेही घाईने हो म्हणतात. 2017 मध्ये पेरी आणि स्टेडुटो यांनी जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी देशोदेशीचे दाखले तपासले, 2018 मध्ये ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं. दोघांचं म्हणणं जवळपास एकच: शेतात कार्यक्षमता वाढली की खोऱ्यातला एकूण वापर कमी होतोच असं नाही, पुष्कळदा वाढतो. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर शेजारचा पडीक तुकडा उसाखाली येतो, आणि पूर्वी झिरपून खालच्या विहिरीला मिळणारं पाणीही पिकाच्या पानांतून उडून जातं. आपल्याकडे 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. त्या निर्णयामागची अडचण मला समजते. पण मोटर दोन तास कमी चालवल्याने ज्याचा रुपयाही वाचत नाही, त्याला सेन्सर कोणत्या आकड्याने पटवणार?

याउलट दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर बापूसाहेब उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने 1991 पासून पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांना पाणी मोजून मिळतं, पैसे घनमापावर भरायचे, वाचलेल्या पाण्याचं काय करायचं ते संस्थेने ठरवायचं. तिथे कुणी मातीत काठ्या खोचल्या नाहीत आणि तरी लोक गव्हाकडून द्राक्षाकडे, पाटाकडून ठिबककडे वळले. बागलकोट जिल्ह्यातली रामथळ योजना याच्या समोर ठेवून बघावी. सुमारे 24,000 हेक्टरवर स्वयंचलित ठिबक, नियंत्रण कक्षातून चालणारे व्हॉल्व्ह, आशियातल्या सर्वांत मोठ्या योजनांत गणना. अभ्यासकांनी नंतर शिवारात फिरून पाहिलं तेव्हा बऱ्याच शेतकऱ्यांनी नळ्या वापरणं सोडलेलं होतं. पाणी कुणाच्या शेतात, कधी, हे ठरवताना शेतकऱ्याला विचारलं गेलं नाही, तर नळी उंदराला आणि खारीला मिळते. खारी खरंच कुरतडतात. उन्हाळ्यात तर ठरवून. सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या पडद्यात वाळूचा एक कण अडकला की तो उघडाच राहतो, आणि कंट्रोलरला वाटतं आपण बंद केला.

मग पैसे वसूल होतात कुठे? जिथे पाण्याची चूक मालाच्या भावात दिसते तिथे. नाशिकच्या द्राक्षात मातीच्या सेन्सरइतकाच, किंबहुना जास्त, खप पानाची ओल मोजणाऱ्या सेन्सरचा आहे: पान किती तास ओलं राहिलं यावरून डाऊनी रोगाचा धोका कळतो आणि एखादी फवारणी टळते. एक फवारणी वाचली की हिशेब कागदावर दिसतो. डाळिंबात तर उलटंच गणित. बहार धरायचा म्हणजे ताण द्यायचा, पाणी तोडायचं. हलक्या मुरमाड जमिनीत ताण महिन्याभरात बसतो, भारी जमिनीत वरून भेगा दिसल्या तरी खाली ओल टिकून राहते आणि फुटवा फुलाऐवजी पालवीचा निघतो. नागपुरी संत्र्यातही हीच डोकेदुखी. दोन फुटांवरचा सेन्सर ‘अजून ताण बसलेला नाही’ हे सांगतो, तेव्हा त्याची किंमत एका बहारात निघते. ऊस या यादीत उशिरा येतो आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डबरोबर उसात सेन्सर, उपग्रह आणि कृत्रिम बुद्धिमत्ता एकत्र वापरण्याचा प्रयोग चालवला आहे. तिथली शेतं आणि तिथली निगराणी सरासरी शेतकऱ्याच्या वाट्याला कितपत येईल, ते बघायचं.

कुणी विचारलंच तर मी खरेदीचा क्रम असा सांगतो. आधी मुख्य नळीवर पाण्याचं मीटर; किती पाणी देतो हे ज्याला ठाऊक नाही त्याला किती लागतं हे कळून उपयोग नाही. मग फिल्टर आणि ड्रिपर तपासणे: प्लॉटच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी भांडी लावून दहा मिनिटांत किती पाणी जमतं ते मोजायचं. चुनखडीने निम्मे ड्रिपर बसले असतील तर कुठलाही सेन्सर फक्त जवळच्या झाडाची बातमी देईल. त्यानंतर बाष्पीभवनाचा हिशेब आणि वहीतली नोंद. मग दोन खोलींवरचे सेन्सर, एकाच प्लॉटमध्ये, एक हंगाम. व्हॉल्व्ह आपोआप उघडण्याचं काम सगळ्यात शेवटी.

आणि काळ्या जमिनीत सेन्सर मे महिन्यात बसवू नये. दुकानदार नेमका तेव्हा येतो, कारण शेतकऱ्याला तेव्हा सवड असते. दोन पाऊस पडून भेगा मिटू द्याव्यात, वाफसा आला की गिरमिटाने सेन्सरच्या जाडीएवढंच भोक पाडावं, निघालेली माती खोलीप्रमाणे वेगळी ठेवावी, त्याच मातीचा पातळ गारा करून भोकात ओतावा आणि सेन्सर त्यात दाबावा. मग पंधरा दिवस आकड्याकडे बघू नये. निफाडच्या त्या मालकांनी यंदा असंच केलं. टेन्शिओमीटरही ठेवलं आहे. दर सोमवारी त्यात पाणी भरायचं काम त्यांच्या सुनेने घेतलंय, आणि टोपणावर तिने खडूने तारीख लिहिलेली असते.